हिरड्याच्या शाईची बरणी

मी एक जुनी बरणी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, मला लोणच्याची बरणी म्हणायचं नाही. होते मी एके काळी लोणच्याची, नाकारत नाही. पण तेव्हा मी नुसती भरलेली होते. काम मी नंतर केलं. मुळशीच्या डोंगरात, उंबरटेक नावाच्या वाडीच्या शाळेत, मी दहा वर्षं शाई सांभाळली. माझ्या पोटातल्या शाईवर एक शाळा जगली. हे ऐकून कुणाला हसू येत असेल तर खुशाल हसा, पण हलू नका. बसा आणि ऐका.

माझा जन्म भट्टीतला. अंग चिनी मातीचं, खाली पांढरं आणि गळ्याशी तपकिरी. भाजताना शेजारची बरणी माझ्या अंगावर रेलली आणि माझ्या पोटाला रुपयाएवढा खरबरीत डाग पडला. कारखान्यातल्या माणसाने मला बोटाने ठोकून पाहिलं. आवाज कसा खणखणीत आला! तरी डाग दिसल्याबरोबर त्याने मला दुय्यम मालाच्या ढिगात ढकललं. अहो, आतून बघा की मला! पण नाही. तोंड बघून किंमत करायची सवय माणसांना फार आहे.

त्या ढिगातून मी पौडच्या बाजारात आले. तिथे मला रंभाबाईने घेतलं. रंभाबाई म्हणजे डोंगराच्या पायथ्याच्या, खालच्या गावातले पुढारी हैबतराव, त्यांची बायको. बाई मोठी पारखी. तिने मला उलटं करून पाहिलं, आत पाणी भरलं, मातीवर ठेवलं आणि तेवढ्या वेळात मिरच्या घेऊन आली. परत येऊन बुडाखाली हात घातला. माती कोरडी होती. दुकानदार स्वतःच म्हणाला, “बाई, डाग हाय बरं का तिला.” रंभाबाई म्हणाली, “डाग काय चाटायचाय मला? गळत न्हाई ना, बास.” त्या दिवसापासून मी त्या बाईला मान देते.

सात वर्षं मी तिच्या घरी कैरीचं लोणचं सांभाळलं. एकदाही बुरशी येऊ दिली नाही. मग एक दिवस मांजराने माझं झाकण पाडलं आणि ते फुटलं. झालं! नवी बरणी आली आणि मला पडवीच्या कोपऱ्यात, मोडक्या सुपाशेजारी बसवलं. वर्षभर मी तिथे होते. माझ्यात झुरळं राहून गेली. वाईट वाटलं मला, खोटं का बोलू? धडधाकट असून रिकामं बसवलं की फार लागतं, मित्रांनो.

सन अठ्ठावन्नच्या जून महिन्यात त्या पडवीत जयसिंग गुरुजी आले. वय चोवीस, अंगाने काटकुळे, गाव चांदे. वरच्या डोंगरातल्या उंबरटेक वाडीवर नवी शाळा निघाली होती आणि तिच्यावर त्यांची नेमणूक झाली होती. उंबरटेक खालच्या गावापासून दोन तासांची चढण. वाडीतली माणसं रानातून हिरडा, डिंक, मध गोळा करून विकायची आणि दिवाळी झाली की शिमग्यापर्यंत कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला जायची. जाताना पोरंही बरोबर न्यायची. म्हणून वरच्या कचेरीने शाळा दिली ती एका वर्षाच्या अटीवर. वर्षअखेर साहेब येऊन हजेरीपट बघणार. पोरं खरोखर वर्षभर शाळेत बसली असं दिसलं तर शाळा कायम, नाही तर बंद.

हैबतराव काही मनात ठेवणारे नव्हते. गुरुजींना तोंडावर म्हणाले, “गुरुजी, दिवाळीपतुर जावा वर. पोरं भट्टीवर गेली की तुमची शाळा मोकळी. मग या हितं. आमच्या शाळेला दुसरा मास्तर हवाच हाय.”

गुरुजी म्हणाले, “बघू.” फार बोलायची त्यांना सवय नव्हती. मग त्यांनी रंभाबाईला विचारलं, “वहिनी, शाई कालवायला एखादं भांडं मिळेल का? पितळेचं नको, शाई नासते. काचेचं मला परवडत नाही.”

रंभाबाईने माझ्याकडे बोट केलं. “ही न्या. झाकण न्हाई तिला, पर इमानी हाय.”

इमानी! आठ वर्षांत माझ्याबद्दल पहिला चांगला शब्द निघाला, तोही मला घराबाहेर काढताना. गुरुजींनी मला पिशवीत घातलं आणि डोंगर चढायला लागले.

शाळा म्हणजे कुडाच्या भिंतीची एक खोली. तिथेच एका पेटीत ग्रामपंचायतीचे कागद, कारण वाडीचे जन्म-मृत्यू, अर्ज, दाखले हे सगळं लिहिणारे गुरुजीच. शाळा आणि कचेरी दोन्ही एका खोलीत, दोन्हींचं लिखाण एका शाईत. खडू, कागद, शाई असल्या किरकोळ सामानासाठी सरकारकडून जी रक्कम मिळते तिला सादिलवार म्हणतात. उंबरटेकचं सादिलवार एवढंसं होतं. पण त्यात वर्ष काढायचंच, असं गुरुजींनी ठरवलं होतं.

आणि काढलं हो त्यांनी! माझ्या डोळ्यांदेखत काढलं. फळा काळा करायला रंग आणला नाही, भट्टीच्या कोळशाची पूड पाल्याच्या रसात कालवून चोपडली. निबा आणल्या नाहीत, ओढ्याकाठचे बोरू कापून त्यांना टोकं केली. टीपकागद आणला नाही, डब्याला भोकं पाडून त्यात बारीक वाळू भरली, ओल्या अक्षरांवर भुरभुरली की काम झालं. आखायला बांबूची पट्टी, चिकटवायला धावड्याचा डिंक. विकत घ्यायच्या त्या फक्त पाट्या, खडू, कोरे पट आणि शाईची पूड. पौडच्या दुकानात प्रत्येक वस्तू हातात घेऊन ते विचारायचे, “पडली तर फुटेल का? दमट हवेत सादळेल का?” दुकानदार कंटाळून जायचा.

शाईच्या वेळी मात्र विचारायचं राहून गेलं. दुकानदार म्हणाला, “दोन पुड्यांवर एक फुकट.” गुरुजींना बिचाऱ्यांना इतकी काटकसर करायची होती की ‘फुकट’ ऐकल्यावर पुढचा प्रश्न तोंडातच राहिला. मी त्यांना दोष देत नाही. पण राग आला होता मला, तो आजही आहे.

पूड माझ्यात पडली, वर पाणी पडलं आणि मला लगेच कळलं. शाई अंगाला धरतच नव्हती. मला जरा हलवलं की माझ्या भिंती स्वच्छ! कैरीच्या खाराचा डाग माझ्या पोटातून सात वर्षांत गेला नाही, आणि ही बया एका हिंदकळण्यात पळून जाते. मी काय करणार? मला तोंड आहे, पण बोलता येत नाही. रंग मात्र असा जांभळाजर्द की बघत राहावं. वाडीतल्या बायका मुद्दाम बघायला यायच्या. हजेरीपटावर एकतीस नावं त्या जांभळ्या शाईत लिहिली, तेव्हा वाडीचे कारभारी काळूबाबा कौतुकाने म्हणाले, “आमची नावं लई गोजिरी दिसत्यात की, मास्तर!”

जून गेला, पावसाळा गेला. पोरं पाटीवर अक्षरं गिरवत होती. त्यांच्यात सखू म्हणून नऊ वर्षांची एक मुलगी होती. तिची आई लिलाबाई. हिरडा गोळा करणाऱ्या बायकांत लिलाबाईसारखी चपळ दुसरी नव्हती आणि तिच्याइतकं तोंडही कुणी चालवत नसे. नवरा नव्हता, एवढी एक पोर. ती गुरुजींना म्हणाली होती, “मास्तर, हिरड्याच्या गोणीवर वजन किती लिवलंय ते मला वाचता येत न्हाई. तो माणूस सांगंल ते खरं. माजी पोर हुबी ऱ्हाऊन वाचंल, तवा मी सुटंन.” शाळा टिकावी असं वाडीत सगळ्यांनाच वाटत होतं, पण लिलाबाईचा जीव तिच्यात अडकला होता.

मग आला दसरा. गुरुजी दोन दिवस चांद्याला घरी गेले. खंडेनवमीला आपापली हत्यारं धुवून पुजायची, हे तुम्हाला माहीत आहेच. वाडीत कोयत्या पुजल्या, कुऱ्हाडी पुजल्या. मग लिलाबाईच्या मनात आलं.

ती म्हणाली, “आपली हत्यारं पुजली. शाळेचं हत्यार कुणी पुजायचं? मास्तर न्हाईत हितं.”

“व्हय की,” काळूबाबा म्हणाले. “पुजायला पायजे.”

सगळी वाडी शाळेत आली. जमीन सारवली. मला बाहेर नेऊन घासलं, गळ्यात झेंडूची माळ घातली, पोटावरच्या डागावर कुंकू लावलं. मी खूश होते, कबूल करते. इतका मान मला कधी मिळाला नव्हता. माझ्या शेजारी पाटावर हजेरीपट ठेवला. कुणीतरी म्हणालं, मिटलेलाच ठेवा. काळूबाबा म्हणाले, “म्यानात घातलेलं हत्यार कुणी पुजतं का? उघडा.” पट उघडला. काळूबाबांनी आंब्याचा टाळा तांब्यात बुडवला आणि पटावर पाणी शिंपडलं. एकदा नव्हे, तीनदा. हात मोकळा होता म्हाताऱ्याचा. एक पान झालं की दुसरं उघडायचे. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, कुठलाच महिना वंचित राहू नये म्हणून सगळे पुजले.

सखू पाटाजवळ बसली होती. आपलं नाव कुठे आहे ते तिला खुणेने माहीत होतं. ती एकदम किंचाळली, “आये, माजं नाव चाललं!”

खरंच चाललं होतं. सगळीच नावं चालली होती. जांभळे ओघळ पानावरून पाटावर, पाटावरून सारवणावर. बायकांनी घाईने पदराने पुसलं, तर उरलंसुरलं तेही गेलं. चार महिन्यांच्या हजेरीत छापील रेघा तेवढ्या राहिल्या आणि वर हळदीकुंकू. आणि मी शेजारी माळ घालून बसलेली. त्या क्षणी मला फोडून टाकलं असतं तरी मी हूं म्हटलं नसतं.

तिसऱ्या दिवशी गुरुजी परत आले. पट पाहिला आणि ओरडले, “कुणी सांगितलं होतं तुम्हाला हे?” त्यांचा चढलेला आवाज वाडीने पहिल्यांदाच ऐकला. कुणी मान वर केली नाही. लिलाबाईने केली.

ती म्हणाली, “मास्तर, आमी पुजा केली. आमची कोयती पाण्यानं मरत न्हाई. तुमचं हत्यार मेलं, त्याला आमी काय करावं?” आणि एवढं बोलून ती बाई खाली बसून ढसाढसा रडली.

गुरुजी माझ्याजवळ येऊन बसले. मग त्यांनी माझ्यात बोट बुडवलं, एका कोऱ्या कागदावर रेघ ओढली, वाळू दिली आणि वर पाण्याचा थेंब सोडला. रेघ विरघळून गेली.

“लिलाबाई, उठा,” ते म्हणाले. “चूक तुमची नाही. चूक शाईची आहे, आणि ती शाई मी निवडली. इथे सहा महिने भिंतीला ओल असते, आणि मी धुपणारी शाई घेऊन आलो. दसऱ्याला नाही तर पुढच्या आषाढात हेच झालं असतं.”

काळूबाबांनी हळूच सुचवलं, “नवा पट आणा, मास्तर. तेच परत ल्ह्या. कोन बगतंय?”

“नाही बाबा. पोरं खरंच शाळेत आली होती. मी आता मागच्या तारखा घालून लिहिलं तर खरी हजेरी खोटी ठरेल. हा पट असाच ठेवायचा आणि साहेबांना असाच दाखवायचा.”

“मग शाळा जाईल की!”

“जाऊ द्यायची नाही,” गुरुजी म्हणाले. “आजपासून पुढचे महिने असे लिहायचे की पाणी पडो, काही पडो, अक्षर हलणार नाही. पण तशी शाई घ्यायला सादिलवार उरलेलं नाही. बघतो काहीतरी.”

लिलाबाईने डोळे पुसले आणि आपले दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले. बोटांच्या टोकांना काळे डाग होते. म्हणाली, “ह्ये बगा. हिरडा कोयत्यानं फोडला की बोटं अशी हुत्यात. राखेनं घासा, दगडानं घासा, महिनाभर जात न्हाई. लुगड्याला लागलं तर लुगडं फाटतंय, डाग न्हाई. ह्याची हुईल का तुमची शाई?”

गुरुजींनी तिची बोटं जवळून निरखली. मग उठून त्यांनी टोपी घातली, कुठे जायचं नव्हतं तरी. “होईल,” ते म्हणाले. “झालीच पाहिजे.”

हिरडा वाडीत पोत्याने पडला होता. तो कुटून पाण्यात उकळला. पहिल्यांदा सगळं एका मडक्यात भिजत घातलं, तर मडक्याने निम्मा रस पिऊन टाकला. लोखंडी कढईत ठेवला, तर रसाने कढई खायला घेतली. तेव्हा कुठे लोकांना माझी आठवण झाली! मला ओढ्यावर नेऊन राखेने घासलं. ओढा थोडा वेळ जांभळा वाहिला आणि ती फुकट शाई माझ्यातून कायमची गेली. मग माझ्यात हिरड्याचा रस ओतला, त्यात मोडक्या कोयतीचा तुकडा आणि गंजके खिळे टाकले, थोडा धावड्याचा डिंक. तीन दिवस मी ते मुरवत बसले. मुरवणं माझ्या हाडात आहे, मित्रांनो. त्या बाबतीत लोणच्याचे उपकार मी मानते.

चौथ्या दिवशी गुरुजींनी बोरू बुडवून लिहिलं. अक्षर उमटलं ते भुरकट, फिकं, ताकात कोळसा पडल्यासारखं. सगळ्यांची तोंडं उतरली. काळूबाबा म्हणाले, “ह्याच्यापरीस जांभळी बरी हुती.” पण दुसऱ्या दिवशी सकाळी कागद उघडला तर अक्षर काळंकुट्ट! हवा लागली की ही शाई काळी होते, हे तेव्हा कळलं. लिलाबाईने तो कागद उचलून सरळ पाण्याच्या हंड्यात बुडवला. हाताने चोळला. कागद लिबलिबीत झाला, अक्षर जागचं हललं नाही. ती हसायला लागली, आणि मग थांबेचना.

पण शाई मिळाली म्हणून शाळा वाचत नाही. पटावर लिहायला पोरं नकोत का? दिवाळी आली होती आणि भट्ट्यांचं बोलावणं आलं होतं. वाडी शाळेसमोर जमली. काळूबाबा म्हणाले, “पोरं न्हाई नेली तर काटक्या कोन येचंल? बाया येचत बसल्या तर लाकडं कोन व्हाईल? दोन पैसे कमी पडत्याल, त्याचं काय?”

“कमी पडू द्या,” लिलाबाई म्हणाली. “मी भट्टीवर येत न्हाई यंदा. एकतीस पोरांच्या भाकरी मी थापते. घरटी नाचणी ठिवून जावा, बास. आनि काळूबाबा, तुमच्या गुडघ्यानं भट्टीवर काय हुतंय? तुमी ऱ्हावा माज्या संगं.”

सगळे हसले, काळूबाबा सोडून. पण ते राहिले. नाचणीची मडकी लिलाबाईच्या घरात रांगेने लागली आणि आईबाप पोरांना मागे ठेवून डोंगर उतरले. काही बाया वळणापर्यंत मागे बघत गेल्या.

गुरुजींनी एक नियमाचा पट आपल्या हाताने लिहायला घेतला. शिवाय एक जास्तीचा पट केला. त्यात रोज सकाळी प्रत्येक पोराने आपलं नाव स्वतः लिहायचं. पहिलीच्या पोरांच्या हातात शाई देत नाहीत, पण यांनी दिली. पहिल्या दिवशी काय दशा! पटावर नावं कमी आणि बोटं जास्त. सखूच्या ‘ख’चे दोन तुकडे व्हायचे, त्यामुळे तिचं नाव ‘सरवू’ असं वाचावं लागे. पोरं तिला सरवू, सरवू म्हणून चिडवायची आणि ती त्यांच्या मागे बोरू घेऊन धावायची. माझ्या काठावर रोज एकतीस बोरू आपटायचे. काठ दुखायचा हो, पण मी एक थेंब सांडू दिला नाही.

पौष महिन्यात चार पोरं आयांच्या आठवणीने भट्टीवर पळून गेली. लिलाबाई दिवसभर दारात उभी. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यातल्या एकाचा बाप, कान्हू, चौघांना घेऊन डोंगर चढून आला. धाकट्याला खांद्यावर घेतलं होतं. पोरांना दारात उतरवून म्हणाला, “मास्तर, ही तुमची माणसं मोजून घ्या,” आणि भाकरी न खाता परत गेला. पटावर त्या चौघांची दोन दिवसांची घरं रिकामी राहिली. गुरुजींनी ती रिकामीच ठेवली.

फाल्गुनात साहेब आले. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना आमच्याकडे सगळे दिपोटी म्हणत. चढण चढून घामाघूम झालेले, छत्री, काळा कोट. वाट दाखवायला बरोबर हैबतराव. पोरं रांगेत बसली होती. लिलाबाई आणि काळूबाबा भिंतीला टेकून उभे होते.

गुरुजींनी सगळ्यात आधी जांभळा पट पुढे ठेवला. दिपोटी दचकले. “हे काय आहे?”

गुरुजींनी घडलं ते सांगितलं. साहेबांचा विश्वास बसत नव्हता. तेव्हा लिलाबाई पुढे आली. “खरं हाय, सायेब. आमी पुजला. शाळा आमची हाय, म्हनून पुजला.”

“बरं, आणि पुढचे महिने?”

गुरुजींनी दोन्ही पट दिले. दिपोटींनी आधी नियमाचा पाहिला, मग पोरांच्या हातचा उघडला. पान उलटत गेले.

हैबतरावांनी घसा खाकरला. “सायेब, ऱ्हागावू नका, पर एका दिसात बसूनबी लिवता येतंय की ह्ये.”

मला असा संताप आला! पण दिपोटी शांतपणे म्हणाले, “सखू कोण?” सखू उठली. “नाव लिही तुझं.” तिने माझ्यात बोरू बुडवला आणि लिहिलं, सखू. ‘ख’ अखंड, घट्ट.

दिपोटींनी पटाचं पहिलं पान हैबतरावांपुढे धरलं. “इथे हिचं नाव सरवू आहे. वीस दिवस सरवू आहे. मग ‘ख’चे तुकडे जवळ येतात. पौषात चिकटतात. आता हे बघा. मी वीस वर्षं मुलांची अक्षरं तपासतोय, हैबतराव. एक चांगलं अक्षर कुणीही काढून देईल. एकतीस पोरांची अक्षरं रोज थोडीथोडी सुधारत नेणं, ही लबाडी कुणाला जमेल? आणि ही चौघांची घरं रिकामी का, गुरुजी?”

“दोन दिवस आयांकडे पळाली होती, साहेब.”

“लबाडी करणाऱ्याने ही भरली असती,” दिपोटी म्हणाले.

हैबतरावांनी स्वतः दोन पानं उलटून पाहिली. मग म्हणाले, “ऱ्हाऊ द्या मग शाळा वरच. माजं काय म्हननं न्हाई. पर सायेब, आमालाबी एक मास्तर लागतोय, त्येवढं ध्यानात ठिवा.”

दिपोटींनी शेरेबुक मागवलं. खिशातून चकचकीत झरणी काढली, टोपण उघडलं आणि टोक कागदावर टेकवणार, तेवढ्यात लिलाबाई म्हणाली, “सायेब, जरा थांबा.”

गुरुजी घाबरले. “लिलाबाई!”

“मास्तर, तुमी गप ऱ्हावा. सायेब, त्यात कंची शाई हाय?”

“चांगली आहे, पुण्याची आहे,” दिपोटी म्हणाले.

“असंल चांगली. पर पान्याला भिती का न्हाई, ते आमाला कुटं ठावं हाय? एकदा आमची नावं व्हावून गेली. आता न्हाई जाऊ द्यायची. शाळा ठिवायची आसंल तर ह्या शाईत ल्ह्या.” आणि तिने मला उचलून साहेबांच्या हातापाशी ठेवलं.

दिपोटींनी तिच्या काळ्या बोटांकडे पाहिलं. झरणीला टोपण लावलं. सखूच्या हातातला बोरू घेतला, माझ्यात बुडवला आणि लिहिलं, ‘शाळा कायम करावी.’ अक्षर भुरकट उमटलं.

“अहो, ही तर दिसतच नाही नीट!” ते म्हणाले.

“उद्या बगा, कशी काळी हुती ती,” लिलाबाई म्हणाली.

“उद्या मी इथे कुठे असणार, बाई?”

“तुमी नसला म्हनून काय झालं? आमी हाय की.”

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत वाडीत मागे राहिलेली सगळी माणसं शेरेबुकाभोवती जमली होती. ‘कायम’ हा शब्द काळाभोर झाला होता. सखूने तो मोठ्याने वाचून दाखवला. लिलाबाईने तिच्याकडून तो पाच वेळा वाचून घेतला.

चैत्रात हुकूम आला आणि पुढची नऊ वर्षं मी रोज भरत राहिले. आता शाळेला तयार शाईच्या बाटल्या येतात, काही मुलांच्या खिशात टोपणाची पेनं आहेत. मी खिडकीखाली रिकामी असते. कधी माझ्यात खडूचे तुकडे टाकतात, कधी करवंदांच्या बिया. मी कुरकुर करते, पण खचले नाही. तुम्ही फक्त एवढं करा, मित्रांनो. माझ्यातला केर काढा, मला धुवून पालथी घाला. मी अजून गळत नाही. आणि शाळेसाठी किंवा कचेरीसाठी शाई, कागद, पाटी, काहीही घ्यायला जाल तेव्हा स्वस्तातलंच घ्या, त्यात लाज कसली? पण दुकानातच ओलं बोट फिरवून बघा, ठोकून बघा, उलटं करून बघा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे. टिकेल किती ते आधी विचारा. किंमत मग विचारा.